लाल कंधारी देऊन देवणी

नांदेडचं पोर शिकायला लातूरला धाडायचं आणि लातूरचं नांदेडला आणायचं, अशी आमच्या दोन जिल्ह्यांत देवाणघेवाण चालते. शिकवण्या दोन्हीकडे आहेत, गुणवंतांच्या फोटोंचे फलक दोन्हीकडे आहेत. पण स्वतःच्या घरात पोरगं अभ्यास करत नाही, यावर मराठवाड्यातल्या समस्त आयांचं एकमत आहे. म्हणून आमचे चिरंजीव ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला माझ्या साडूकडे आणि साडूचे चिरंजीव विष्णुपुरीत आमच्याकडे. पोरांची अदलाबदल झाली, आयांची झाली नाही. आपल्या लेकराच्या ताटात बहीण काय वाढते, हे दर रविवारी समक्ष पाहिल्याशिवाय आमच्या सौभाग्यवतींना आठवडा लागत नाही. जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर.

एवढं अंतर आमची लाल मारुती आठशे निमूटपणे कापायची, आणि तीच अडचण होती. गाडी कुठं बंद पडली असती तर विकायला कारण सापडलं असतं. 796 सीसी, तीन सिलिंडर, आणि बोनेट उघडलं की आतली जमीन दिसावी इतकं साधं यंत्र. 1983 च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली, तेव्हापासून निम्म्या देशाचं ड्रायव्हिंग याच गाडीवर पक्कं झालं. 2010 च्या एप्रिलपासून धुराच्या नव्या नियमामुळं तेरा शहरांत तिची विक्री थांबली. त्या यादीत सोलापूर होतं, नांदेड नव्हतं. सोलापूरकरांनी याचा अभिमान बाळगला की सुतक पाळलं, कल्पना नाही. आम्ही मात्र त्याच वर्षी लालभडक आठशे घेऊन मोकळे झालो. पुढं 2014 च्या जानेवारीत ती निघायचीच बंद झाली. मग आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली. पुन्हा नोंदणी म्हणजे गाडीची तपासणी, पर्यावरण कर आणि आरटीओच्या आवारात झेरॉक्सवाल्याशी नातं.

ही बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. विष्णुपुरीत राहणाऱ्या माणसाला सल्ल्यांची ददात नसते. 1981 चं अभियांत्रिकी महाविद्यालय इथं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं, 1994 चं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही इथंच. गोदावरीचं पाणी शेतापर्यंत चढवायला सरकारला इथं पंप बसवावे लागले. सल्ले मात्र विनापंप घरात शिरतात. इंजिनियरिंगचे शेजारी म्हणाले, डिझेलच घ्या, टॉर्क असतो. मेडिकलचे म्हणाले, डिकीवाली घ्या, मागची सीट कमरेला बरी. विद्यापीठाचे म्हणाले, काहीही घ्या, पण ॲव्हरेज बघा.

मग संख्याशास्त्राच्या शेजाऱ्यांनी आमच्याच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. पेट्रोल शंभराच्या वर, डिझेल नव्वदच्या वर. पेट्रोलचा भाव आला की परभणी राज्यात पहिली येते आणि नांदेड तिच्या मागंच बाकावर बसलेलं असतं. छोट्या पेट्रोल गाडीऐवजी डिझेल गाडी चालवली तर किलोमीटरला सव्वा रुपया वाचणार. वरचे तीन लाख भरून निघायला दोन लाख चाळीस हजार किलोमीटर हवेत. म्हणजे पावणेनऊशे रविवार, सतरा वर्षांच्या आसपास. ‘तोवर पोरगा डॉक्टर होऊन त्याचं पोरगं शिकवणीला जाईल,’ ते म्हणाले. सौ. म्हणाल्या, ‘मग तेव्हाही गाडी लागेलच की.’ या मुद्द्यावर संख्याशास्त्राकडे उत्तर नव्हतं.

नवी डिझेल मिळायची सोय फारशी राहिली नव्हती. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 लागू झालं आणि मारुतीनं डिझेल गाड्या काढणंच सोडलं. तेव्हा जुनीच बघायची. लातूरला साडूच्या ओळखीच्या एका गाडीबाजारात एक पांढरी डिकीवाली उभी आहे, असा निरोप आला. पारख करायला मी कंधारहून मामांना बोलावून घेतलं. मामांना गाडी चालवता येत नाही. पण माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्यांनी हयातभर बैल घेतले आणि विकले. खोड लपवलेलं जनावर ते लांबूनच ओळखतात.

निघताना मामांनी आमच्या लाल गाडीच्या पाठीवर थाप मारली. ‘लाल कंधारी हाय ही. कमी खाती, उन्हात चालती. आन् तू देवणी आणाया निघलालास. देवणी रुबाबदार, पण पेंड लागती बग तिला.’

विद्यापीठाचं प्रवेशद्वार मागं पडलं की लातूर रस्ता मोकळा होतो. नागपूरहून तुळजापूरला जाणारा हा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. गावांची नावं पाठ म्हणत गाडी हाकायची. मामा पुढच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि ओव्हरटेक करून जाणाऱ्या प्रत्येक डिझेल गाडीचं मोल सांगत होते. सौ. मागं, मांडीवर लेकरासाठी धपाट्यांचा डबा. त्या डब्याला रस्ताभर कुणी हात लावला नाही, यावरून त्यांचा धाक कळावा.

लातूरच्या गाडीबाजारात पोचलो. मालक तरुण, डोळ्यांवर गॉगल, कानात यंत्र. इथली प्रत्येक गाडी पूर्वी कुठल्यातरी डॉक्टरची असते. या गाडीची तर बाईडॉक्टर होती, आणि त्या फक्त घर ते दवाखाना जायच्या. कोपऱ्यात एक चकचकीत गाडी दिल्ली पासिंगची होती. तिकडं डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की रस्ता बंद व्हायचा, मग ती ना हरकत पत्र घेऊन दक्षिणेला निघायची.

‘म्हणजे म्हातारपणी दावं सोडलेली,’ मामा म्हणाले आणि पांढऱ्या गाडीकडं वळले.

त्यांनी आधी तिला प्रदक्षिणा घातली. देवणी गाईत तीन रूपं असतात: तोंडावर काळं असलेली वानेरा, सबंध पांढरी बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा. ‘दिसाया बालंक्या हाय,’ मामांनी दाराच्या कडेवरून नख फिरवलं, ‘पण आतून शेवरा असंल. इथं रंग मारलाय.’ दाराचं रबर उचललं, तर खाली पांढऱ्याची निराळीच छटा. मालकानं गॉगल काढला.

मग मामा मागं गेले आणि थबकले. ‘हिचं शेपूट कोणी कापलं?’

मालकानं समजावलं. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं, तशा कंपन्यांनी डिक्या छाटून गाड्या चार मीटरच्या आत बसवल्या. मामांना हे पटलं. करापायी माणूस शेतीच्या वाटण्या करतो, मग गाडीनं शेपूट द्यायला काय हरकत आहे.

दात बघायची वेळ आली. बैल दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे जबडा उघडल्याशिवाय कळत नाही. टायरच्या अंगावर मात्र चार आकडे छापलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. हे ऐकून मामा हळहळले. ‘देवानं बैलावर एवढं लिवून दिलं असतं, तर किती दलाल उपाशी मेले असते.’ गाडीचा काटा बासष्ट हजार दाखवत होता. मामांनी खाली वाकून ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवलं, रबर गुळगुळीत. ‘बासष्ट हजारात खूर एवढा झिजतो व्हय?’

‘बाईमाणूस, मामा. ब्रेक जास्त दाबतात.’

मागून सौभाग्यवती अशा खाकरल्या की मालकानं भाव आपणहून दहा हजारांनी उतरवला.

आमचे मिस्तरी फोनवर होते. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवायला सांगितलं. झाकण उडालं तर चहासुद्धा न पिता परत या. झाकण थरथरलं, पण जागचं हललं नाही. आत फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट. हे इंजिन आपल्याकडं मारुतीनं वापरलं, टाटांनी वापरलं, शेवरोलेनं वापरलं; लोक त्याला राष्ट्रीय इंजिनच म्हणायचे. सुरू झालं की कडबा कापायचं यंत्र लावल्याचा भास होतो. मामा प्रथमच खूश झाले. ‘आवाज हाय. दारात उभी राहिली तर गल्लीला कळंल.’

चालवून बघायला म्हणून आम्ही निघालो आणि मालकानं गाडी गंजगोलाईत घालायला लावली. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. भुसार, कापड, भांडी, सोनं, सगळा बाजार वर्तुळात बसलेला, मधे देवीचं मंदिर. आत शिरणं सोपं, पण बाहेर पडायला आपला रस्ता ओळखू यावा लागतो. प्रत्येक फेरीला मी ठरवायचो की पुढच्याला वळायचं, आणि पुढच्याच्या तोंडाशी हातगाडी असायची. मामा खिडकीतून देवीला दर फेरीस नमस्कार करत होते. ‘प्रदक्षिणा झाल्या, आता नारळ फोडावाच लागंल,’ असं ते म्हणाले तेव्हा सौदा ठरल्यातच जमा होता.

मालक आमच्या आठशेचे चाळीस हजार द्यायला तयार होता. मी मनातल्या मनात हिशेब केला. 1983 साली नवी कोरी गाडी पन्नास हजारांच्या आसपास मिळायची. चाळीस वर्षांत दहाच हजार उतरले, याला घसारा म्हणणं कृतघ्नपणा आहे. पण पांढऱ्या गाडीचा आकडा काही खाली येईना. तेव्हा मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मालकाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं कुणी बोलत नाही, चारचौघांना आकडा कळत नाही.

‘मामा, काय करूलालाव? गुदगुल्या होऊलाल्यात!’ मालक हात सोडवायला लागला.

इतका वेळ गल्ल्याशेजारी खुर्चीत डुलक्या घेणारे त्याचे वडील उठले. त्यांनी पोराला बाजूला सारलं आणि आपला हात टॉवेलाखाली घातला. दोन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे दगडी. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. मामांनी मान नकारार्थी हलवली, वडिलांनी आभाळाकडं पाहिलं, टॉवेल शेवटचा हलला आणि दोघंही प्रसन्न हसले.

‘हाळीच्या बाजारात हुताव काय?’ मामांनी विचारलं.

‘तीस वर्सं दलाली केली. पोराला गाड्यांचा धंदा काढून दिला, पण हात काय वळंना त्याचा.’

‘कितीला ठरलं?’ मी आणि मालकानं एकदमच विचारलं. दोघांपैकी कुणालाच उत्तर मिळालं नाही. पहिला चहा आला, चुरमुऱ्यांचा सुशीला आला, दुसरा चहा आला, आणि मग चिठ्ठीवर आकडा उतरला: आमची गाडी वजा जाऊन वर तीन लाख. संख्याशास्त्राचे शेजारी हा आकडा टॉवेलाशिवायच सांगून बसले होते. फॉर्म 29, फॉर्म 30, अशा सह्या करता करता माझी सही शेवटी मलाच अनोळखी वाटायला लागली.

साडूकडं जेवून, लेकराचं वजन नजरेनं तोलून आम्ही परत निघालो. डिझेल गाडी रस्त्यावर बसून चालते, हे खरं. पण आठशे चालवताना जे कधी घडलं नव्हतं, ते चाकूरला घडलं. रस्त्याच्या कडेच्या पोरानं आम्हाला हात केला, दोन बोटं दाखवली आणि पळत आला. त्याला दोन सीट हव्या होत्या. अहमदपूरच्या बसस्थानकासमोर मी पाण्याच्या बाटलीसाठी थांबलो, तर वडापचा जीपवाला अंगावर आला. ‘आमचा नंबर हाय! मागं लागा!’ पांढरी, डिझेल, डिकीवाली गाडी आणि पुढं धोतरवाले मामा. या भागात एवढ्या पुराव्यावर कुणाचाही धंदा सिद्ध होतो.

माळेगावला मामांनी गाडी वळवायला लावली. नवं जनावर खंडोबाला दाखवल्याशिवाय पुढं नेत नाहीत. मार्गशीर्षात इथं घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी वळू, सगळ्यांची दाटी असते. आज फक्त आमची देवणी. मामांनी ‘येळकोट येळकोट’ म्हणत मुठीनं भंडारा उधळला. बोनेटवर पडला, काचेवर पडला आणि घामेजल्या हातानं त्यांनी पुढच्या नंबरपाटीला नीट चोळला. पांढरी पाटी पिवळी झाली. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी, हे मामांच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं आणि माझ्या येईतो लोहा आलं होतं.

लोह्याला फाट्याशी वेग कमी केला, तर मागचं दार उघडून एक आजोबा आत बसले, त्यांच्या पाठोपाठ आजी आणि आजींच्या मागून जेवणाचा डबा. ‘सरकारी दवाखाना, विष्णुपुरी. सून भरती हाय.’ मी सांगायला तोंड उघडणार, तोच सौ. सरकून घेत म्हणाल्या, ‘मुलगा की मुलगी?’ सोनखेड येईतो नातवाचं नाव ठरलं होतं आणि मामांनी आजोबांकडं एका बैलजोडीची चौकशी लावली होती.

दवाखान्याच्या दारात आजोबांनी खिशातून नोटा काढल्या. मी घेईना. त्यांना वाटलं, कमी पडल्या. त्यांनी वर आणखी दहाची ठेवली. शेवटी मामांनी नोटा त्यांच्या खिशात परत कोंबल्या आणि ‘पाव्हणं हाव तुमी’ म्हणून हात जोडले.

आजी डबा सावरत खिडकीशी आल्या. त्यांनी गाडी नीट निरखली आणि सौ.ना विचारलं, ‘बाई, पुन्ना कवा निघताव लातूरला?’

‘रविवारी, सकाळी सहाला,’ सौ. म्हणाल्या. ‘विद्यापीठाच्या गेटपाशी उभ्या राहा. आणि आधी सांगा कितीजण आहात ते, पुढची सीट मामांची आहे.’