मी नाहीये असं समजा

मार्च संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी बेल वाजली, की दार उघडण्याआधीच आमच्याकडे चहाचं आधण वाढतं. दारात सबनीस असतात.

"महिनाभर डोकं उठलंय. आज कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही, ठरवलंय. तुमच्या झोपाळ्यावर जरा एकटा बसतो. तुमचं चालू द्या. मी नाहीये असं समजा."

आम्ही समजायला लागतो. पाच मिनिटांत झोपाळा कुरकुरतो. "वहिनी, मी नाहीये, पण असतो तर आलं घातलेला चालला असता." मग पेपर. मग पंखा एकवर. मग माझ्याच फोनवरून त्यांच्या मेहुण्याला फोन: "आज मला फोन करू नकोस, माझा बंद आहे." तो बिचारा कधीच करत नसतो.

एकदा न राहवून विचारलं, की सबनीसवहिनी लेकीकडे बंगळुरूला, घर रिकामं, मग तिथेच का नाही बसत? सबनीसांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तिथे कुणीच नाही हो. एकटं बसल्यासारखं वाटत नाही."

नसलेला माणूस बोलतो मात्र भरपूर, तेही आपल्या बँकेतल्या नोकरीचं. एक एप्रिलला बँक बंद म्हणजे फक्त गिऱ्हाइकांना बंद, आत सगळे मान मोडून बसलेले. त्यानंतर ऑडिटर. पीपीएफचे दीड लाख वर्षभर आठवत नाहीत, ते एकतीस तारखेला दुपारी आठवतात. हप्ते नव्वद दिवस थकले, की खातं एनपीए. मग साहेब कर्जदाराच्या दारात, आणि कर्जदार? "तोही नाहीये असं समजा!" या विनोदावर ते दरवर्षी एकटेच हसतात. एकांत तेवढाच.

आणि ते सत्तावीस पैसे. सबनीस १९८५ साली चिकटले तेव्हा सगळं लेजरवर. एका मार्चला रात्री बेरजेत सत्तावीस पैशांचा फरक आला. सगळे खिशातून पैसे काढून टाकायला तयार. पण फरक काही खिशातून मिटत नाही. तेवढ्यात हेडक्लार्क म्हणाले, नऊनं भाग जातोय, म्हणजे कुणीतरी आकडे उलटे टाकलेत. पहाटे चारला सापडलं: अठ्ठावन्नचे पंच्याऐंशी झाले होते. कुणाच्या हातून? इथे सबनीस झोपाळा थांबवतात आणि कॉलर ताठ करतात. चूक त्यांचीच. हा किस्सा मी सतरा वेळा ऐकलाय. सतराला नऊनं भाग जात नाही, म्हणजे माझी मोजणी चुकलेली नाही. (तसा नियम उलटा चालत नाही, पण सबनीसांपुढे चालवून घेतो.)

चांगलं बोलायलाच हवं असेल तर एक आहे. आई दवाखान्यात होती ती मार्चचीच अखेर. रात्री एकला हा माणूस शाखेतून थेट आला. हातात थर्मास. बाकावर माझ्या शेजारी बसला, म्हणाला, "मी नाहीये असं समजा," आणि सकाळी सहापर्यंत खरोखरच एक शब्द बोलला नाही. पंखासुद्धा मागितला नाही.

२०२४च्या जानेवारीत सबनीस रिटायर झाले. त्या वर्षी एकतीस मार्च नेमका रविवारी आला, आणि सरकारी व्यवहार सांभाळणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेनं त्या दिवशीही उघडं राहायला सांगितलं. नोकरीत असते तर सबनीसांनी यावर पुढची पाच वर्षं काढली असती. ते त्याच सकाळी आले, एक रविवार आधी. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. झोपाळ्यावर बसले, फोन शेजारी ठेवला, चालू. आलं नाही, पेपर नाही, सत्तावीस पैसे नाहीत. जेवायचं विचारलं तर "हो" म्हणाले. बायकोनं मला आत बोलावून विचारलं, यांना बरं नाही का?

संध्याकाळी सातला फोन वाजला. सबनीसांनी तो असा झडप घालून उचलला, की झोपाळ्याची कडी वाजली. पलीकडे कुठल्याशा बँकेतली मुलगी, पर्सनल लोन हवंय का विचारत होती. मला वाटलं, आता झापणार.

"रविवारी बसवलंय होय तुम्हाला?" सबनीस म्हणाले. "टार्गेट किती राहिलंय? ... अगं बाई. मग सांगा सगळं नीट, पहिल्यापासून. मी आहे."