थॉरवाल्डच्या बायकोची पर्स

"बाई गावाला जाते आणि पर्स घरीच ठेवून जाते? अगं, मी कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी पर्स खांद्याला असते!"

आधी कुंपणावरून दोडके आले आणि दोडक्यांमागून शेजारच्या काकूंचं हे वाक्य. कुठली बाई, कुणाची पर्स, हे विचारावं लागलं नाही. रात्री दोन्ही घरांत एकच सिनेमा चालू होता. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या दोन घरांमध्ये छातीइतकं लाकडी कुंपण आहे. पलीकडे काकूंचा दोडक्यांचा मांडव, अलीकडे माझे टोमॅटो. ऑगस्टात दोन्हीकडे अमाप पिकतं, आणि नेमकं त्याच महिन्यात टीसीएम चॅनेलवर रोज एका नटाचा किंवा नटीचा दिवस असतो. दिवसरात्र त्याच माणसाचे जुने सिनेमे, मध्ये एकही जाहिरात नाही. काल ग्रेस केलीची पाळी होती आणि रात्री हिचकॉकचा १९५४ सालचा 'रिअर विंडो' लागला.

जुन्या हॉलिवूडशी माझी ओळख झाली ती भारतात, टीएनटीमुळे. नव्वदीच्या दशकात रात्री कार्टून संपली की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं आणि टॉम अँड जेरीच्या जागी एकदम सूटबूटवाले लोक सिगारेटी ओढायला लागायचे. आई म्हणायची, पुरे आता. काकूंनी हे सिनेमे धरले ते इकडे आल्यावर, कान इंग्रजीला सरावावा म्हणून. कान केव्हाच सरावला, सिनेमे सुटले नाहीत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये एका चौकाभोवती घरं. मोटारींच्या शर्यतीचे फोटो काढताना पाय मोडून घेतलेला जेफ, म्हणजे जेम्स स्ट्युअर्ट, प्लास्टर घालून खिडकीशी बसलेला. त्याची मैत्रीण लिसा, म्हणजे ग्रेस केली. उकाडा असा की समोरचं जोडपं गादी घेऊन बाहेरच्या लोखंडी जिन्यावर झोपतं. त्याच चौकात थॉरवाल्ड नावाचा फिरता विक्रेता आणि त्याची अंथरुणाला खिळलेली बायको. एका पावसाळी रात्री हा माणूस नमुन्यांची पेटी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर जातो, येतो. दुसऱ्या दिवशी बायको दिसत नाही.

"मला जेफचा रागच येतो," मी म्हटलं. "दिवसभर दुसऱ्यांच्या घरांत दुर्बीण लावायची. ती पुरेना म्हणून मग कॅमेऱ्याची हातभर लांब लेन्स."

"बघण्याबद्दल मी काही म्हणत नाही. पाय प्लास्टरात, घरात टीव्ही नाही, बघेल नाहीतर काय करेल? माझं दुखणं वेगळं आहे. तो नुसता बघतो. बोलत कुणाशीच नाही!" काकू मांडवाचं टोक सोडून कुंपणाशी आल्या. आता भाजी फोडणीला पडायला वेळ लागणार, हे मी ओळखलं. "तूच सांग, त्याला शेजाऱ्यांची नावं तरी माहीत आहेत का? नाच करणारीला एक टोपणनाव, एकट्या बाईला दुसरं. मिस लोनलीहार्ट्स म्हणे! थॉरवाल्डचं नावसुद्धा लिसाला खाली जाऊन टपालपेटीवर वाचावं लागतं. मिरजेला आमच्या वाड्यात नवा भाडेकरू आला की संध्याकाळपर्यंत त्याचं माहेर, सासर, पगार आणि पोटदुखी सगळ्यांना ठाऊक. थॉरवाल्डनं तिथं खून केला असता तर सकाळी नळावर पहिला प्रश्न, 'काय हो, वहिनी दिसल्या नाहीत आज?' 'माहेरी गेल्या.' 'अस्सं? कुठल्या गाडीनं? डबा कुणी करून दिला?' दुपारपर्यंत पोलीस!"

"आणि ती खरंच माहेरी गेली असती तर? बिचारा जन्मभर खुनी म्हणून वावरला असता वाड्यात."

"छे! चार दिवसांनी बायकोला स्टेशनवरून घेऊन आला असता. मिटलं."

यावर मला पटकन काही सुचलं नाही. पण मुद्दा मी सोडला नाही, कारण नळावरच्या चौकशीत किती सुनांचे हाल झाले, हे मी काकूंच्याच तोंडून ऐकलेलं आहे. काकूंना तेही मान्य. त्यांचं म्हणणं एवढंच की भोचक माणसाला निदान तोंड दाखवून भोचकपणा करावा लागतो. जेफ बसतो दिवा मालवून अंधारात. आणि त्याचा तो पोलीसमित्र डॉयल! थॉरवाल्डनं पाठवलेली ट्रंक कुठे गेली, कुणी सोडवून घेतली, याची कागदोपत्री चौकशी करून मोकळा झाला. पर्सचं त्याला काही वाटलं नाही.

ही पर्सची जागा मलाही सिनेमातली सर्वांत खमंग वाटते. थॉरवाल्ड फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता बायकोच्या पर्समधून एकेक दागिना काढून बघतो. जेफ पाहतो, पण त्याचा अर्थ लावते ती ग्रेस केलीची लिसा: बाई आपली आवडती पर्स मागे ठेवत नाही, दागिने पर्समध्ये असे कोंबत नाही, आणि लग्नाची अंगठी काढून तर मुळीच जात नाही. बायकांच्या बारीकसारीक ज्ञानाला इथे पुरावा म्हणून मान मिळतो. पुढे लिसा त्या घरात शिरते, अंगठी शोधते आणि पाठीमागे हात धरून बोटातली ती अंगठी पलीकडे जेफला दाखवते. थॉरवाल्डची नजर आधी त्या बोटावर जाते, मग हळूहळू वर, चौकापलीकडे, सरळ आपल्यावर. इतका वेळ आपण बघत होतो, आता तो बघतो. सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या माणसालासुद्धा दिवा लावावासा वाटतो.

"मूळ गोष्टीत ही मुलगी नाहीच," डेकवरून काकांचा आवाज. पेपर तसाच तोंडासमोर. काकांना सिनेमापेक्षा सिनेमाच्या मागच्या भानगडी जास्त ठाऊक. "कॉर्नेल वुलरिचची कथा, १९४२ची. लिसाबिसा सगळं पटकथेतलं. आणि त्या कथेवरून केवढी कोर्टबाजी झाली! वुलरिच गेला. मग एका साहित्यिक एजंटानं कथेचे हक्क ६५० डॉलरला उचलले. १९७१ला एबीसीनं सिनेमा टीव्हीवर दाखवला तेव्हा हा उभा राहिला, माझ्या परवानगीशिवाय कसा दाखवलात म्हणून. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. १९९०ला जिंकला पठ्ठ्या."

"साडेसहाशे डॉलरात?" काकूंनी त्या रकमेला जी दाद दिली, ती काल ग्रेस केलीच्या पोशाखांनाही मिळाली नसेल.

काका स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या लेखी ह्या सिनेमाचा नायक तो चौकच. पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभा केलेला, ३१ घरांचा. उंची पुरेना तेव्हा स्टेजची जमीन काढून खाली तळघरापर्यंत गेले. जेफचं वरच्या मजल्यावरचं घर प्रत्यक्षात स्टेजच्या जमिनीच्या पातळीवर होतं. पाऊस पाडायचा म्हणून पाण्याचा निचरासुद्धा बांधून घेतलेला. "निचरा!" काका दुसऱ्यांदा म्हणाले. समोरच्या घरांतल्या नटांच्या कानात बारीक यंत्रं बसवली होती आणि हिचकॉक जेफच्या खोलीत बसून त्यांना सूचना देत होता.

"म्हणजे तोही खिडकीतून बघत बसलेला," मी म्हटलं.

"मग काय! फक्त त्याचं लोक ऐकत होते."

वयाचा विषय मीच काढला. शूटिंग सुरू झालं तेव्हा स्ट्युअर्ट ४५ वर्षांचा, केली २४ची. आणि एवढी देखणी मुलगी '२१' हॉटेलातून जेवण मागवून, वेटरसकट दारात उभी, तर ह्या गृहस्थाची तक्रार अशी की ती फार परिपूर्ण आहे! काकूंनी कपाळाला हात लावला. लगेच पुढची बातमीही दिली: केलीला त्याच सुमारास 'ऑन द वॉटरफ्रंट' मिळत होता, तिनं हा निवडला. तो गेला इव्हा मरी सेंटकडे आणि तिला त्यात ऑस्कर मिळालं. केलीचंही नुकसान झालं नाही, त्याच वर्षी 'द कंट्री गर्ल'साठी तिनं मुख्य नटीचं ऑस्कर नेलं आणि १९५६ला मोनॅकोची राणीसाहेब होऊन सिनेमाच सोडला. हळहळ करायची तर थेल्मा रिटरसाठी करावी. जेफला मालीश करायला येणारी, तोंडाळ, व्यवहारी नर्स स्टेला तिची. सहा वेळा ऑस्करचं नामांकन, मिळालं एकदाही नाही. काकूंच्या मते त्या चौकात वाड्यात राहायच्या लायकीची बाई एकच, स्टेला. आणि खुनी झालेला रेमंड बर? चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या अंगावर धावून जाणारा हा नट पुढे टीव्हीवर आधी वकील पेरी मेसन झाला आणि नंतर 'आयर्नसाइड'मध्ये स्वतःच चाकाच्या खुर्चीतला डिटेक्टिव्ह.

"कुत्र्याचं काय मग?" मी विचारलं. ते दृश्य मला बघवत नाही. एक जोडपं आपल्या कुत्र्याला टोपलीत घालून दोरीनं अंगणात सोडायचं. ते कुत्रं थॉरवाल्डचा फुलांचा वाफा उकरतं आणि एका रात्री मान मोडलेलं सापडतं. मालकीण वरून सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडते, की तुम्हाला शेजारी म्हणजे काय हेच माहीत नाही. सगळ्या खिडक्या भरतात. फक्त थॉरवाल्डची खोली अंधारी आणि आत सिगारेटचं टोक लाल होतं.

"ती बाई बोलली ते सोळा आणे खरं. आणि लोकांनी काय केलं? गच्चीवर, जिन्यावर दोन मिनिटं उभे राहिले आणि आत गेले. एका घरात पार्टी होती, तिथली गाणी परत सुरू! लोनलीहार्ट्स सोडली तर एक जण खाली उतरला नाही गं." काकूंचा आवाज चढला. "ती लोनलीहार्ट्स. दोघांचं टेबल मांडून, समोर कुणी नसताना ग्लास उंचावणारी. सगळ्या चौकाला दिसते. तिच्या दाराची बेल कुणी वाजवली?"

"गोळ्या बाहेर काढते तेव्हा जेफ पोलिसांना फोन लावतो की."

"फोन! आणि वाचवलं कुणी? वरच्या मजल्यावरच्या संगीतकाराच्या पियानोनं. त्याला तर ठाऊकही नव्हतं."

तेवढ्यात काकांनी पेपरची घडी केली आणि शेवटाचा वाद उकरून काढला. शेवटी जेफचे दोन्ही पाय प्लास्टरात, तो झोपलेला, आणि शेजारी लिसा हिमालयावरचं पुस्तक वाचते आहे. तो झोपला आहे याची खात्री करून ती पुस्तक ठेवते आणि फॅशनचं मासिक उचलते. काकांच्या मते ती हरली, जेफसाठी हिमालय वाचायची वेळ आली. माझ्या मते जिंकली, पुस्तक त्याच्यापुरतं, मासिक तिचं. काकूंचं लक्ष भलतीकडेच होतं.

"थॉरवाल्डच्या घराला रंग देत असतात बघ शेवटी. दोन रंगारी. म्हणजे नवा भाडेकरू येणार. त्याला कोणी सांगणार आहे का, ह्या घरात काय झालं ते? एक माणूस सांगणार नाही! मी असते तर रंग वाळायच्या आत सांगितलं असतं. अगं, आणि भाडंही कमी करून घे म्हटलं असतं."