पंच्याण्णव जणांची एक खुर्ची

ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात मीरा-भाईंदरमध्ये सामाजिक न्यायाचा एक मोठा प्रयोग पार पडला. त्याची म्हणावी तशी दखल मात्र कुणी घेतली नाही. या महापालिकेत नगरसेवक ९५. त्यातल्या ४८ जागा महिलांच्या, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचा ज्याचा त्याचा वाटा. सभागृहाची मुदत संपली, मंडळी घरी गेली, निवडणूक लांबली आणि हे सगळे वाटे एकाच खुर्चीत मावले. प्रशासकाच्या खुर्चीत.

दिलीप ढोले, संजय काटकर, राधाबिनोद शर्मा असे एकामागून एक साहेब तिच्यावर बसले. नया नगरमधली गृहिणी, उत्तनचा मच्छीमार, पाड्यावरचा आदिवासी, भाड्याच्या वन बीएचकेमधला चाकरमानी, या सगळ्यांचे प्रतिनिधी साहेबच. सूचक साहेब, अनुमोदकही साहेब, ठराव सर्वानुमते मंजूर. सभात्याग नाही, माइक ओढणं नाही. मुंबई, ठाणे, पुण्यातही हाच प्रयोग सुरू होता, त्यामुळे मीरा रोडकरांना एकटेपणही वाटलं नाही.

हे घडलं ते प्रतिनिधित्वाच्या काळजीपोटी. ४ मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाला तिहेरी चाचणी लावली: आयोग नेमा, मागासलेपणाची संस्थानिहाय माहिती गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. माहिती कुठून आणायची? देशात सगळ्या जातींची आकडेवारी प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१च्या जनगणनेची, इंग्रजांच्या राज्यातली. मग जयंतकुमार बांठिया आयोग बसला आणि आडनावांवरून जात ताडण्याची शक्कल निघाली. छगन भुजबळांनी हरकत घेतली, इतरांनीही घेतली. ती रास्तच होती. भाईंदरचा पाटील बहुधा आगरी, म्हणजे ओबीसी. त्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा साताऱ्याचा पाटील मराठा, आणि समोरच्या विंगमधला सांगलीचा पाटील जैन किंवा लिंगायत. लेटरबॉक्सवर मात्र तिघेही नुसते पाटील. एरवी घर भाड्याने देताना आडनावावरून माणूस पारखण्यात आपल्या सोसायट्या इतक्या तरबेज आहेत, की आयोगाने थेट त्यांच्या सेक्रेटऱ्यांनाच विचारायला हवं होतं.

जुलै २०२२मध्ये अहवाल आला, न्यायालयाने आरक्षणाला वाट करून दिली, आणि मग पुन्हा तारखा सुरू झाल्या. प्रभाग किती, सदस्य किती, जुना कायदा की नवा. ज्यांच्या हक्कासाठी हा खटाटोप, त्या ओबीसींच्या वाट्याला या काळात एकही जागा आली नाही. इतरांनाही नाही. असली काटेकोर समानता घटनाकारांनाही सुचली नसेल. अखेर मे २०२५मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून फर्मावलं, पुढे मुदत वाढवून दिली आणि १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं.

त्याआधी नोव्हेंबरात आरक्षणाची सोडत निघाली. हा दिवस पतिराजांच्या कसोटीचा. चार वर्षं ‘भावी नगरसेवक’ म्हणून चौकाचौकात हात जोडलेला गृहस्थ चिठ्ठीत ‘महिला’ निघताच रात्रीत ‘भावी नगरसेविकेचे यजमान’ होतो. नव्या फ्लेक्सवर बाईंचा फोटो येतो, लग्नाच्या अल्बममधून कापलेला. शेजारचा त्याचा फोटो मात्र होता तेवढाच राहतो. मोबाइल नंबरही त्याचाच. गावोगावच्या अशा ‘प्रधानपतीं’चं काय करायचं हे पाहायला केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने २०२३मध्ये समिती नेमली. शहरातले यजमान तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यांनी निर्धास्त असावं.

तरी यात एक धोका असतो, आणि मीरा-भाईंदरने तो पाहिलेला आहे. गीता जैन इथल्या महापौर होत्या. २०१९ला भाजपने विधानसभेची उमेदवारी दिली नाही, तेव्हा त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि पक्षाच्या नरेंद्र मेहतांना हरवून आमदार झाल्या. बाईला खुर्चीची सवय लागली की ती अशी बिनआरक्षित जागेवरही बसते! २०२४मध्ये मेहता परत निवडून आले आणि अनेकांचा जीव भांड्यात पडला. विधानसभेत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३मध्ये संसदेने जवळपास एकमताने मंजूर केली. अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. एवढ्या एकमताचं रहस्य बहुधा त्या ‘नंतर’मध्ये असावं.

२२ जानेवारी २०२६ला महापौरपदांची सोडत निघाली आणि मीरा-भाईंदरला सर्वसाधारण महिलेची चिठ्ठी आली. बाईंना गाडी मिळते, दालन मिळतं, सभेचं अध्यक्षपद मिळतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देता येतं. कार्यकारी अधिकार १९४९च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्तांकडे, म्हणजे प्रशासक म्हणून साडेतीन वर्षं जे कारभार पाहत होते त्यांच्याच दालनात. महापौरपदासाठी दर अडीच वर्षांनी मंत्रालयात चिठ्ठी काढतात. आयुक्तपदासाठी बदलीचा आदेश निघतो.