लिफ्टमधला कुत्रा आणि 'अँड'मागचं व्याकरण

मीरा-भाईंदरची 2002 साली महानगरपालिका झाली, पण आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाची भाषा कुठली असावी, हे ठरवणं कुठल्याच पालिकेच्या हातात नाही. आमच्या एका विंगमध्ये मराठी, गुजराती, मारवाडी, मल्याळी, उत्तर प्रदेशी आणि कोकणी मुसलमान असे सगळे राहतात. जुलै 2025 मध्ये भाषेवरून मोर्चे निघाले, मीरा रोड देशभराच्या टीव्हीवर झळकलं, तेव्हाही आमचा बोर्ड इंग्रजीतच होता. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही. तिचा हात मोडला, पाय मोडला, तरी कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

मी पडले इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, माझ्या दुखावतात. पण पेन्शनरच्या भावनांसाठी मोर्चा कोण काढणार?

तर बोर्डावर नोटीस लागली. जशीच्या तशी देते: 'ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे मेंटेनन्स बिफोर टेन्थ, कीपिंग डॉग इन लिफ्ट अँड नॉट टू ड्राय वेट क्लोद्स ऑन टेरेस.'

सेक्रेटरींना म्हणायचं होतं की कुत्रा लिफ्टमधून नेऊ नका. 'नॉट' त्यांनी घातलाही होता, पण तो कपड्यांच्या वाट्याला गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या पोमेरियनवाल्याने हे बरोबर हेरलं. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे त्या महिन्यात मीरा रोडच्या निम्म्या पार्किंगमध्ये गाड्या बाहेर आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत असतात. आमच्या सभेत पाणीगळतीचा विषय निघायच्या आत हा मुलगा मोबाईलवर नोटिशीचा फोटो उघडून उभा राहिला. "काकू, तुम्हीच सांगा. कमिटीने विनंती कशाची केलीय? कुत्रा लिफ्टमध्ये ठेवण्याची. मी तर केव्हापासून पाळतोय."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "मॅडम, मतलब तो समझ में आता है ना?"

'मतलब समजतो ना' हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. आठवीतल्या पोरांपासून त्यांच्या वडिलांपर्यंत. मतलब समजतो, म्हणून तर भांडण होतं! इंग्रजीचा दंडक साधा आहे: 'अँड'ने जोडलेली सगळी पदं एकाच घाटाची हवीत. पहिलं 'टू पे' असेल तर दुसरं 'टू कीप' आणि तिसरं 'टू ड्राय'. मध्येच 'कीपिंग' आलं की संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणारा चढल्यासारखं होतं: सगळा डबा त्याच्याकडेच बघत बसतो. व्याकरणात याला समांतर रचना म्हणतात. बँकेच्या परीक्षांत चूक ओळखा म्हणून जे प्रश्न येतात, त्यांत ही चूक हमखास पेरलेली असते. 'रेन अँड मार्टिन' या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातल्या रेनसाहेबांनी उमेदीची वर्षं मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात घालवली आणि मग 1924 साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी लिहिली. आमच्याकडची वाक्यं तपासून झाल्यावर माणसाला परदेशी लष्कर बरं वाटत असणार.

गंमत म्हणजे आपल्याला हे शिकवावं लागू नये. माझ्या आजीने रेन अँड मार्टिनचं नावही ऐकलं नव्हतं, पण ती 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणायची. 'आधी पोटोबा, मग विठोबाचे दर्शन घेण्यात यावे' असं कधी तिच्या तोंडून आलं नाही. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या घोषणेतली तीनही क्रियापदं आज्ञार्थी आहेत. आता शेवटी 'आणि संघर्ष केला पाहिजे' करून बघा, मोर्चा जागच्या जागी बसेल. कान आपला तयारच आहे. कागद पुढे आला की तो बंद होतो, मग भाषा इंग्रजी असो की मराठी. आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर रंगवलंय: 'येथे थुंकणे, कचरा टाकणे व वाहने उभी करू नयेत.' वाहनांची मनाई कळली. थुंकण्याचं काय करायचं, ते थुंकणाऱ्याने ठरवायचं. तो ठरवतो.

असो. सभेने मला नोटीस दुरुस्त करायला सांगितली. मी रात्री बसून 'टू पे', 'टू कीप डॉग्ज आउट ऑफ द लिफ्ट', 'टू ड्राय क्लोद्स इनसाइड देअर फ्लॅट्स' अशी तीन सरळ रेषेतली पदं लिहून दिली. सेक्रेटरी खूश. लॅमिनेशन करून लावली.

चार दिवसांनी पोमेरियनवाला एक प्रिंटआउट घेऊन दारात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना: पाळीव प्राण्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायटीने मनाई करू नये. म्हणजे व्याकरण मोडलेलं होतं तेव्हा नोटीस नियमाला धरून होती, आणि मी ती शुद्ध केल्याबरोबर नियमाबाहेर गेली. "काकू, जुनीच बरी होती," तो म्हणाला. कुत्रा त्याच्या काखेत होता. दोघंही लिफ्टनेच आले होते.

तेव्हा तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तुम्ही असाल, तर एवढंच करा. नोटीस डकवण्याआधी ती शिक्षिकेला दाखवू नका. जिच्यामुळे ज्याची पंचाईत होणार आहे, त्याला वाचायला द्या. त्याच्याइतक्या बारकाईने 'अँड' कुणी तपासत नाही.