किट की एक्स्चेंज?

ज्यानं मोटारसायकल घेतली, त्याच्याकडे एकच गाडी असते. जो अजून ठरवतोय त्याच्याकडे चार-पाच असतात. त्यांना हप्ते नसतात, पेट्रोल लागत नाही आणि त्या कधी पंक्चर होत नाहीत. आमचे सर या दुसऱ्या गटातले. म्हणजे दारात गाडी आहे, एमएच 25 पासिंगची एक्सपल्स. पण ती त्यांनी ‘सुरुवातीला म्हणून’ घेतली, आणि सुरुवात नक्की कुठं संपते हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. राहायला धाराशिवात, नोकरी वाशी तालुक्यात. असे सर आता प्रत्येक तालुक्याच्या गावाला एखाद-दुसरे सापडतात. कुठं ते कृषी सेवा केंद्र चालवतात, कुठं तलाठी असतात, कुठं बँकेच्या काउंटरमागं बसतात. डोक्यावर चोचवालं हेल्मेट, पायात नडगीपर्यंतचे बूट आणि हँडलला जेवणाचा डबा, एवढ्यावरून ओळखायला हरकत नाही. सोबत एक वही असते. सरांच्या वहीला बाहेरून ‘पाठ टाचण’ असं लेबल आहे. आत सस्पेन्शनचे आकडे आहेत.

या व्याधीला जुना इतिहास आहे. 2011 साली हिरोनं इम्पल्स काढली, दीडशे सीसीची, उंच मडगार्डची. सर तेव्हा डीएड करत होते. पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण त्यांनी खोलीतल्या पत्र्याच्या पेटीला आतून चिकटवलं. नोकरी लागेपर्यंत कंपनीनं गाडीच बंद केली. मग 2019 च्या मे महिन्यात एक्सपल्स 200 आली, किंमत सत्त्याण्णव हजारांपासून पुढं. सर घेणारच होते, पण कुणीतरी म्हणालं, थांबा, यात सुधारणा होणार. सर थांबले. 2021 मध्ये चार व्हॉल्व्हची आली, तेव्हा शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून ती घेतली. थांबण्याचा सराव तेव्हापासूनचा आहे.

आता त्यांचा खरा पेच. धाराशिवहून निघायचं, येडशी, येरमाळा करत चौपदरी महामार्गानं वर जायचं आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर आत वळायचं. चौपदरीवर काटा ऐंशीच्या पुढं सरकला की हँडल मुंग्या आणायला लागतं, आणि मागून येणारा ट्रक हॉर्न असा मारतो की सरांचा डबा हलतो. तिथं त्यांना रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 हवी असते. चाळीस घोड्यांची ताकद, सहा गिअर, ट्रकला मागं टाकून निवांत जायचं. आत वळलं की मुरूम, खड्डे आणि पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल. तिथं 196 किलोची हिमालयन नुसती आठवली तरी सरांना घाम फुटतो, आणि आहे त्याच गाडीला रॅली किट घालावंसं वाटतं. म्हणजे सकाळी निघताना गाडी बदलायची ठरते आणि शाळेत पोचेस्तोवर आहे तीच सजवायची ठरते. संध्याकाळी क्रम उलटा. म्हणून शाळेतल्यांना खात्री आहे की सर किट घालणार, आणि घरच्यांना खात्री आहे की सर कर्ज काढणार.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे, हीच अडचण. रॅली किट म्हणजे नुसती नटवानटवी नाही. पुढचं सस्पेन्शन 190 मिलिमीटर खेळतं ते 250 खेळायला लागतं, मागचं 170 चं 220 होतं. खड्ड्यात पुढचं चाक गेलं तरी दात वाजत नाहीत. 2020 मध्ये किट आलं तेव्हा त्याला 38 हजार पडत होते. पण सस्पेन्शन वाढलं की गाडी उंच होते. एक्सपल्सची सीट मुळातच 82 सेंटिमीटरच्या वर. सर त्यावर बसतात तेव्हा दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा वर्गणी देत नाहीत. किटसारखीच उंच गाडी कंपनीनं पुढं ‘प्रो’ नावानं काढली, तिची सीट 891 मिलिमीटर. सर एका शोरूममध्ये ती बघायला गेले. चढले. मग उतरायचं कसं, या विचारात बराच वेळ वरच बसून राहिले. सेल्समनला वाटलं गिऱ्हाईक पटलं, त्यानं पेढा आणला.

पुढं स्प्रॉकेटचा विषय निघतो. मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं घातलं की चढाला गाडी रेटून ओढते, पण सपाटीवर इंजिन उगाच ओरडतं आणि वेग खाली येतो. म्हणजे शाळेजवळचा ओढा सोपा होणार आणि येरमाळ्याचा ट्रक आणखी जवळ येणार. मातीसाठी गाडी जितकी चांगली करावी तितकी डांबरावर ती वाईट होते. डांबरासाठी मोठी घ्यावी तर मातीत ती आडवी झाल्यावर उचलायची कुणी? सरांनी हा प्रश्न घरी मांडला, वजनासकट. वडील शेतकरी. त्यांनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे चार पोती युरिया अन् वर एक पाटी शेणखत. तू उचलणार?” सर गप्प बसले. युरियाचं एक पोतं पंचेचाळीस किलोचं असतं, हे त्यांनी नंतर पडताळून पाहिलं. गणित बरोबर निघालं.

वडिलांचं या विषयावरचं मत पहिल्यापासून एकच आहे. “तेवढ्या पैशात शेळ्या आल्या असत्या. आपल्या काळ्या, उस्मानाबादी. जुळी देतात. आतापर्यंत दारात कळप असता.” जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये कागदोपत्री धाराशिव झालं, पण शेळी उस्मानाबादीच राहिली, आणि वडिलांचा युक्तिवादही. गाडीला जुळी होत नाहीत, यावर सरांकडे आजही उत्तर नाही.

वहिनींशी चर्चा वेगळ्या पातळीवर चालते. डिसेंबर 2024 मध्ये कावासाकीची केएलएक्स 230 आली तेव्हा सरांनी फार अपेक्षेनं वही उघडली. 3 लाख 30 हजार, शोरूमची किंमत. वजन अवघं 139 किलो. वहिनी पोळ्या लाटत होत्या.

“अन् ताकद?”

“ताकद जवळजवळ आपल्याच गाडीइतकी. थोडी कमीच.”

“वेगात जाते?”

“नाही. ती वेगासाठी नसतेच मुळी.”

“मागं मी बसायचं कुठं?”

सरांनी सीटचा फोटो दाखवला. वहिनींनी पोळी तव्यावर टाकली, फुगू दिली, उलटवली, आणि मग म्हणाल्या, “अहो, म्हणजे जास्तीचे दोन लाख द्यायचे कशाचे? वजन कमी करायचे? तेवढ्यात तुमचंच झालं असतं की.”

मेकॅनिक हा यातला सगळ्यात सहनशील माणूस. गॅरेजात सर आले की तो आधी स्टूल पुढं सरकवतो, कारण काम पाच मिनिटांचं आणि सल्लामसलत तासाची, हे त्याला पाठ झालंय. “काय करायलाव सर, ठरलं का?” सर वही काढतात. तो तोवर चेनला ऑइल सोडतो, ढिली चेन ताणतो, क्लचची केबल बघतो. “गाडीत काय बी कमी नाही बघा. चेन तेवढी वेळच्या वेळी ताणा. किट बसवतो की, माझं काय जातंय? पण पाय टेकंल का?” सर म्हणतात, पाय टेकवण्याचा प्रश्न तंत्राचा असतो, एका बाजूला सरकायचं, एकच पाय टेकवायचा. मेकॅनिक मान हलवतो. तंत्राचे असे बरेच प्रश्न त्यानं लेग गार्ड सरळ करून सोडवलेले आहेत.

सर गाडी चालवतच नाहीत, असं मात्र कुणी समजू नये. रविवारी ते बालाघाटच्या डोंगरावर जातात. वाशी-भूमच्या बाजूला माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची अजस्र पाती वर न्यायला मुरमाचे रस्ते झाले. त्या रस्त्यांनी गुराखी वर जातात, देवदर्शनाला बायका जातात, आणि सर जातात. पायथ्याशी उतरून टायरमधली हवा कमी करायची, कारण मऊ टायर दगडाला धरून राहतो. हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. मग अंगठ्यानं टायर दाबून बघायचं, अजून थोडी सोडायची, पुन्हा दाबायचं. हवा मनासारखी होईस्तोवर ऊन चढतं. वर पोचल्यावर फोटो, आणि परत येताना पायथ्याला लक्षात येतं की खिशातल्या पंपाची बॅटरी उतरलीय. मग चौपदरीपर्यंत चालत. एकदा गुराख्यानं विचारलं, “गुरुजी, गाडी बिघडली का?” सर म्हणाले, “नाही, हवा मी सोडली.” गुराखी बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला.

सरांचं खरं दु:ख हे की या जिल्ह्यात त्यांच्या छंदाला कुणी छंद मानत नाही. जो रस्ता ते बूट, गुडघ्यांचे गार्ड आणि हँड गार्ड लावून पार करतात, तोच रस्ता दूधवाला रोज पहाटे पायात चपला घालून, स्प्लेंडरला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पार करतो. पावसात काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. दूधवाला उतरतो, बांधावरची तुरीची काडी मोडतो, चिखलाचा गोळा खरवडून काढतो, काडी पुढच्या वेळेसाठी कॅनच्या कडीत खोचतो आणि जातो. पूर्वी हेच काम राजदूत करायची. सरांनी एकदा त्याला मोठ्या आपुलकीनं सांगितलं की 2024 च्या जानेवारीत डाकार रॅलीत हिरोच्या गाडीवर रॉस ब्रँच दुसरा आला, म्हणजे तुझ्या न् माझ्या कंपनीचं जगात नाव झालं. दूधवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ॲव्हरेज किती देती?”

2025 च्या सप्टेंबरात परंडा, भूम, वाशी भागात पावसानं जे केलं, त्याची थट्टा करणार नाही. सीनेच्या काठानं गावं पाण्यात गेली, परंड्यात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, शेतातली माती वाहून खाली खडक उघडे पडले. रस्ते आणि पूल तुटले तेव्हा सर रानातून, बांधावरून, कुणाच्या उसाच्या कडेनं शाळेच्या गावात जात-येत होते. मागं कधी औषधं, कधी कोरड्या वह्या, एकदा एक म्हातारी. त्याच गाडीवर, त्याच टायरवर, कंपनीच्याच सस्पेन्शनवर. त्या दिवसांत त्यांनी किटचं नाव काढलं नाही. वही दप्तरात भिजून गेली, तीही त्यांनी वाळवली नाही. मला वाटलं, सुटले.

दिवाळीच्या आत रस्त्यावर मुरूम पडला, आणि सरांना कळलं की आपण चिखलात असताना देशात जीएसटी बदललाय. 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 28 चे 18 टक्के, त्यावरच्यांवर थेट 40. नवी वही आली. हिमालयनच्या पानावर फुली पडली, ती पडता-पडता पेन्सिलीनं पडली. जानेवारी 2025 मध्ये आलेली एक्सपल्स 210 मात्र अचानक पुढं सरकली. पाण्यानं थंड होणारं इंजिन, साडेचोवीस घोडे, सहावा गिअर. चौपदरीवर ट्रकची भीती नाही आणि वजन पावणेदोन क्विंटलच्या आतलं. सगळं जुळलं. उरली जुन्या गाडीची एक्स्चेंजची किंमत. एजंटानं गाडीभोवती फेरी मारली, लेग गार्डवरचे ओरखडे मोजले आणि आकडा सांगितला. सरांचा चेहरा उतरला. ज्या गाडीला आपण चार वर्षं अपुरी म्हणत आलो, तिला दुसऱ्यानं अपुरी म्हटलेलं त्यांना सहन होईना. “एवढ्याचे तर हिचे नुसते टायर आहेत,” असं म्हणून त्यांनी एजंटाला चहा पाजून वाटेला लावलं. पुन्हा किट.

दरम्यान शाळेत एक नवा शिक्षण सेवक आला. त्यालाही अशीच गाडी घ्यायची होती. सरांनी त्याला मधल्या सुट्टीत समोर बसवलं आणि इम्पल्सपासून सुरुवात केली. सुट्टी संपली तेव्हा ते 2019 पर्यंत आले होते. उरलेलं उद्या, असं ठरलं. पोरगं त्याच संध्याकाळी शोरूममध्ये गेलं, 210 चा रंग आवडला म्हणून बुक करून आलं, आणि गाडी हातात आली त्या मंगळवारी तुळजापूरला पूजा करून, हँडलला हार आणि हेडलाइटला हळदीकुंकू लावून थेट शाळेत हजर झालं. कुंथलगिरीचे पेढे वाटले. मुलं गाडीभोवती गोळा झाली.

“सर, पहिला राउंड तुमचा,” त्यानं किल्ली पुढं केली.

सरांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. वाकून सस्पेन्शनखालचा अंदाज घेतला. पुढच्या टायरवर अंगठा दाबला, मागच्याही दाबला. मग रुमालानं अंगठ्याचं कुंकू पुसत म्हणाले, “हवा जास्त आहे. असल्या हवेवर मी बसत नसतो.”