आठ दारांच्या साहेबांस

प्रति,
मा. टास्क मॅनेजर साहेब,
मु. सिस्टम३२, पो. विंडोज, सी ड्राइव्ह.

विषय : आपली भेट घेण्याच्या अनेक मार्गांबाबत.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, आमच्याकडे साहेबाला भेटायचं तर दार एकच असतं आणि त्या दारावर शिपाई असतो. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब आत्ताच जेवायला उठले. तुमचं सगळंच उलटं. दारं आठ, आठही सताड उघडी, शिपाई नावालाही नाही. इतका सहज भेटणारा साहेब उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. म्हणूनच संशय येतो.

मी जळगाव जामोदला सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, फार्मर आयडी, पीक विमा, जे येईल ते. कॉम्प्युटर जुना, रॅम चार जीबी. जुलैअखेर विम्याची मुदत संपत आली की ब्राउझरच्या डझनभर टॅब, स्कॅनर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन असं सगळं एकदम चालू असतं. आणि नेमकं ओटीपी टाकायच्या वेळी पडदा पांढराफटक पडतो, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. समोर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून आलेले काका विचारतात, "काहून थांबलं भाऊ? सर्व्हर डाऊन हाय का?" त्यांना वाटतं, गाडं मुंबईला अडलंय. ते अडलेलं असतं माझ्या टेबलावर. अशा वेळी अडलेला प्रोग्राम बंद करायला तुमची आठवण होते.

आता दारांचं सांगतो. जुन्या वळणाचे टायपिंगवाले सर कंट्रोल-अल्ट-डिलीट दाबतात. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१च्या पीसीसाठी ही बोटांची कसरत बसवली ती मशीन पुन्हा सुरू करायला. आज ती केली तरी तुम्ही थेट भेटत नाही. आधी लॉक, मग युजर बदला, साइन आउट, आणि मग खाली कुठेतरी तुमचं नाव. म्हणजे आधी आवक-जावक टेबल, मग साहेब. या तीन बटणांऐवजी एकच हवं होतं, असं बिल गेट्स २०१३मध्ये बोलून गेले. बोलून काय होतं!

एमएस-सीआयटी केलेली पोरं टास्कबारवर राइट क्लिक करतात. २०२१मध्ये विंडोज ११ आलं आणि ते दार चक्क बुजवलं गेलं. लोकांनी ओरडा केला तेव्हा साधारण वर्षभराने पुन्हा उघडलं. कुणी स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करतं किंवा तेच दार उघडायला विंडोज-एक्स दाबून टी दाबतं. कुणी सर्चमध्ये नाव टाइप करतं आणि सर्चच गोल गोल फिरत बसतं. ज्यांना हुशारी दाखवायची असते ते रनमध्ये 'टास्कएमजीआर' लिहितात. त्याहून हुशार तेच कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहितात. आणि फारच रिकामा वेळ असेल तर सिस्टम३२ फोल्डरात शिरून तुमच्या घरच्या पत्त्यावर डबल क्लिक.

पण साहेब, इथेच खरी गोम आहे. टास्कबार, स्टार्ट, सर्च, रन ही सगळी दारं एकाच भिंतीत आहेत आणि त्या भिंतीचं नाव एक्सप्लोरर. ती भिंत बसली की बहुतेक दारं एका दमात जातात. उरतं काय? एक ते कंट्रोल-अल्ट-डिलीट, आणि दुसरं कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, जे डाव्या हातानेच दाबता येतं आणि कुठलंही टेबल न लागता थेट तुमच्यापुढे नेऊन उभं करतं. ही दोन्ही लॉगइनचं काम बघणारा विनलॉगऑन सांभाळतो, एक्सप्लोररशी त्यांचा संबंध नाही. बाकीची दारं ही दिवस बरे असतानाची शोभा.

तुमचं कौतुकही करायला हवं. डेव्ह प्लमर यांनी तुम्हाला घडवलं, १९९६च्या विंडोज एनटी ४मध्ये तुम्ही रुजू झालात. त्यांनीच सांगितलंय की तुम्ही स्वतः हँग झालात तर नवा टास्क मॅनेजर जुन्याला दहा सेकंदांपर्यंत हाका मारतो, उत्तर नाही आलं तर खुर्ची ताब्यात घेतो. दहा सेकंद! आमच्याकडे रिकाम्या खुर्चीचा नुसता प्रभार द्यायला महिने जातात.

तक्रार आहे ती भेटीनंतरची. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात वर कोण? अँटिमालवेअर सर्व्हिस. मी 'एंड टास्क' म्हणतो, तुम्ही म्हणता परवानगी नाही. बिचारं नोटपॅड मात्र एका क्लिकमध्ये घरी. वर ओळी अशा उड्या मारतात की एकाला पकडायला जावं आणि दुसराच हाती लागावा. कंट्रोल दाबून धरलं की त्या थांबतात, हे तुम्ही कुठल्या फलकावर लावलं आहे का? आणि त्याच यादीत आपलं स्वतःचं नावही असतं, मेमरी खाताना. हा प्रामाणिकपणा मात्र आमच्या साहेबांनी शिकण्यासारखा.

तुमच्या आलेखाबद्दलही बोलायचं आहे. आमच्याच तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. रात्रभर ठेवलेलं धान्य सकाळी पाहून पाऊसपाण्याचं, पिकाचं वर्षाचं भाकीत सांगतात. खरं-खोटं ज्याचं त्याने ठरवावं. पण तुमचा आलेख मागच्या ६० सेकंदांत काय झालं एवढंच दाखवतो, आणि ते तर आम्ही समोर बसून सोसलेलं असतं.

तरी कृपया नववं दार पाडू नये. आहे त्या आठांतून आत आल्यावर मोठ्यांनाही जाब विचारता येईल, एवढी तजवीज व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवा केंद्रचालक,
जळगाव जामोद

ता. क. : हे पत्र चुकून दुसऱ्या केंद्रचालकाच्या हाती पडलं तर त्यांच्यासाठी : 'एंड टास्क' करण्याआधी ब्राउझरला मिनिटभर वेळ द्या. सेव्ह न केलेला अर्ज त्यानंतर परत येत नाही, आणि काकांची शेवटची बस निघून जाते.