तीरवाले अंकल

लग्नघरात काही जण जेवायला येतात, काही वाढायला येतात आणि एखादा आदल्या रात्रीच येऊन वाटाणे सोलत बसतो. पंगत उठली तरी तो सोलतच असतो. भोपाळजवळच्या मिसरोदचे तीरवाले अंकल या तिसऱ्या जातीचे. माणूस मराठी, आयुष्य गेलं भेलच्या कारखान्यात माल तपासण्यात. मी त्यांना काका म्हणतो. पण कॉलनीतली पोरं भोपाळची, तेव्हा अंकल.

काका बाण करतात. म्हणजे करणार आहेत. सध्या फोक जमवतात.

फोक निरगुडीचा. कलियासोत नदीच्या काठाने निरगुडी माजलेली असते, पण जुन्या झुडपाच्या फांद्या वाकड्यातिकड्या. तेच झुडूप बुंध्याशी छाटलं की नवे फुटवे एकमेकांशी चढाओढ करत उजेडाकडे धावतात आणि त्या घाईत सरळसोट वाढतात. त्यामुळे तारांखालची झुडपं तोडायला वीजवाले आले की सगळी कॉलनी हळहळते आणि काका त्यांना चहा पाजतात. पुढच्या वर्षाची बेगमी झाली!

तोड मात्र थंडीतच. तेव्हा लाकडात रस कमी असतो, वाळताना फोक कमी तडकतो. काका एका हातात कोयती आणि दुसऱ्या हातात व्हर्नियर घेऊन निघतात. बुंध्याकडे नऊ मिलिमीटर हवा. दहा असला तर तासता येतो. आठ भरला तर काका काही बोलत नाहीत, पण झुडपाकडे अशा नजरेने बघतात की भेलचे जुने पुरवठादार कसे घामाघूम होत असतील ते कळतं.

घरी आणलेल्या फोकांच्या टोकांना मेणबत्तीचं मेण, कारण लाकूड टोकांकडूनच आधी सुकतं आणि तिथेच चिरतं. मग सुतळीने आवळून जुड्या आणि जुड्या माळ्यावर. प्रत्येक जुडीला चिठ्ठी: तारीख, जागा, शेरा. दिवाळीची पातेली कधीच पलंगाखाली गेली आहेत. काकूंची एकच अट, ‘पाला माझा.’ निरगुडीचा पाला गव्हात घातला की किडे लागत नाहीत. त्या बळावर हा संसार टिकला आहे, असं माझं मत.

फोक सरळ करताना काकांना बघावं. शेगडीत निखारे. डावा डोळा मिटून उजव्याने फोकाच्या अंगावरून नजर सरकत जाते आणि वाकण सापडलं की नखाने खूण. तेवढीच जागा निखाऱ्यावर गोल गोल फिरवायची; साल चकाकली, कडवट वास सुटला, हाताला चटका बसू लागला की उचलून दोन्ही अंगठ्यांनी वाकणाच्या उलट, जरा जास्तच वाकवायचं आणि निवेपर्यंत तसंच धरायचं. या वेळी कुरिअरवाला आला तरी दार उघडत नाही. आठवड्याने फोक पुन्हा मूळ वळणावर गेलेला असतो. काका पुन्हा शेगडी पेटवतात. त्यांना राग येत नाही. मला तर वाटतं, आनंदच होतो.

पिसांचं खातं वेगळं. एका बाणाला सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, कारण त्यांचा बाक एकसारखा असावा लागतो. म्हणून बदकवाल्याकडून आणलेल्या पिसांच्या दोन पिशव्या: डावी आणि उजवी. कामवालीने एकदा दोन्ही एकत्र केल्या, त्या दिवसाचा विषय घरात कुणी काढत नाही.

भीमबेटका हे काकांचं तीर्थक्षेत्र. 1957 साली वाकणकरांनी त्या गुहांतली चित्रं जगापुढे आणली, ‘आपला माणूस’, हे काका दर वेळी सांगतात. गाडीतून जाताना वाकणकरांना ते खडक दिसले तो लोहमार्ग मिसरोदवरूनच जातो, याचा अभिमान जणू रूळ स्वतः टाकल्यासारखा. 2003 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं तरी काकांची तक्रार कायम आहे. ‘सगळे बाण सोडताना दाखवलेत. अरे, पण फोक तोडून कोणी आणले? त्याचं चित्र कुठंय?’

एकदा मानव संग्रहालयातल्या मेळ्यात झाबुआकडचा एक भिल्ल कारागीर भेटला. भिल्लांच्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्या चिवटीची असते. काकांनी त्याला विचारलं, वाळवण किती महिने, आच किती, जाडी किती. तो हसत हसत ऐकत होता आणि हात चालूच होते. प्रश्न संपेपर्यंत बाण तयार. काकांनी तो व्हर्नियरने मोजला आणि गप्प झाले.

मग त्याने विचारलं, ‘बाबूजी, आपकी कामठी कहाँ है?’

कामठी म्हणजे धनुष्य. ते काकांकडे नाही. कधी नव्हतंच.

‘ती नंतर,’ काका मला म्हणाले. ‘आधी बाण तर होऊ दे. को खाँ, घाई कशाला?’

गेल्या दसऱ्याला कॉलनीच्या रामलीलेतला राम त्यांच्या दारात आला. दहा वर्षांचा, डोक्याला पुठ्ठ्याचा मुकुट. ‘अंकल, एक तीर दे दो, रावण मारना है.’ काकांनी त्याला आत घेतलं, हात पुढे करायला लावला, छातीपासून बोटांच्या टोकापर्यंत टेप लावली आणि आकडा वहीत लिहिला. माळ्यावर चढून बराच वेळ खुडबुड केली. रिकाम्या हातांनी उतरले.

‘तुझ्या मापाचा एक फोक आहे,’ ते म्हणाले, ‘पण अजून ओला आहे. पुढच्या दसऱ्याला ये. आणि हे बघ, तोवर उंच होऊ नकोस.’